फरकाला दहापैकी किती?

१२ जून

प्रिय ठकूस,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे मजेत आहोत, तू तिकडे मजेत असशील असं धरून चालतो. आई बरी आहे. तिचे गुडघे कुरकुरतात आणि तीही कुरकुरते, म्हणजे काळजीचं काही नाही. तुझ्या वहिनीने "वेळेवर जेवतेस ना" असं विचारायला सांगितलं होतं. विचारलं. आता मुद्द्याचं.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आपण दोघं एकाच वेळी बोलतो आणि शेवटी कोण काय म्हणालं ते कुणालाच कळत नाही. भांडण नीट करायचं तर पत्रच बरं. अक्षर एवढं टपोरं का म्हणून हसू नकोस. दुकानात किमतीच्या चिठ्ठ्या लिहायचं जाड पेन हाताशी आलं, तेच घेतलं.

तर, व्हिडिओ गेमचा नवा कन्सोल आला. दातांच्या डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे पहिला उचलला आणि जुना माझ्या गळ्यात मारला. मग मीही आपला नेम मोडला नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत दोन टीव्ही शेजारी शेजारी मांडले, एकाला जुना जोडला, एकाला नवा. दोन्हींवर एकच खेळ, एकच जागा. आणि बसलो फरकाला गुण द्यायला. तू शेजारी नव्हतीस, त्यामुळे माझ्या गुणांवर आरडाओरडा करायला कुणी नव्हतं. चुकल्यासारखं झालं.

पहिल्या कन्सोलवरचा आपला गडी तुला आठवतो का गं? डोकं म्हणजे खोकं, हात म्हणजे दोन फळ्या. बोटं नव्हतीच, तलवार तशीच मनगटाला डकवलेली. आणि तरी तो मेला की तू रडायचीस. मग दुसरा कन्सोल आला आणि त्याला बोटं फुटली. तू अशी किंचाळलीस की आई धावत आली. खेळ राहिला बाजूला, सगळी दुपार आपण त्याची मूठ उघडत आणि मिटत बसलो. तेव्हा आपण फरकाला दहापैकी दहा दिले होते. तिसऱ्याला पापण्या आल्या, सात. चौथ्याला स्वेटरचे धागे दिसायला लागले, पण ते बघायला सोफ्यावरून उठून टीव्हीपाशी जावं लागत होतं, म्हणून चार. तूच चार दिलेस, मी पाच म्हणत होतो.

हे चेहरे बारीक बारीक त्रिकोणांचे बनतात, हे तूच मला शिकवलंस. शंभराचे हजार त्रिकोण केले की खोक्याचं डोकं होतं. हजाराचे लाख केले की डोक्याला नाक-कान येतात. आणि लाखाचे कोटी केले की? किंमत वाढते. फरक दर पिढीला आटत चाललाय, ठकू. कारखानेवाले कबूल करणार नाहीत, पण गिऱ्हाईक करतं. परवा एक बाई नवा कन्सोल परत घेऊन आल्या, म्हणे तुम्ही चुकून जुनाच दिला का?

तू पाठवलेला तुझ्या कंपनीच्या नव्या खेळाचा नमुनाही लावला. दोन्हीकडे चालतो म्हणालीस, दोन्हीकडे लावला. तीन वर्षं तू ज्या घरातल्या उजेडावर काम केलंस ते घर, तो जिना, ती खोली. खोलीतल्या त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत बसलो. खरं सांगू? मला काही वेगळं दिसलं नाही. दहापैकी एक. तोही घरचं माणूस म्हणून.

राग मानू नकोस. मी तुला कधी खोटे गुण दिलेत का?

आणि नोकरीचं म्हणशील तर माझ्याकडून नकार कळव. तुझ्या साहेबांनी माझं नाव मनावर घेतलं, चित्रांतल्या चुका शोधायला माणूस हवा म्हणाले, तू माझी एवढी तारीफ केलीस, सगळं पोचलं. पण जो फरक उरलेलाच नाही तो शोधायला तिथे येऊन मी काय करू? इथे दुकान आहे, आई आहे. सोल्डरिंगचं बारीक काम आता तुझी वहिनीच करते. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे आणि ते ती दिवसातून चारदा ऐकवते.

तब्येतीला जप. आईचा आशीर्वाद, वहिनीचं प्रेम.

तुझा,
दादा

&nbsp;

९ जुलै

प्रिय ठकू,

तुझं कार्ड पोचलं. "पत्र मिळालं. साहेबांना नकार कळवला. आईला नमस्कार." एवढंच. ना एक शिवी, ना एक टोमणा, ना "दादा, तू म्हातारा झालास". मी कार्ड उलटून पालटून बघितलं. मागे नुसता डोंगर होता.

चिडलीस तर चिड, पण नीट चिड. लहानपणी तुझ्या चित्रातल्या घोड्याला पाच पाय आहेत असं मी सांगितलं, तेव्हा तू माझ्या पाठीत रंगांची पेटी घातली होतीस. ते मला परवडलं. हे तीन ओळींचं कार्ड नाही परवडत.

बरं, एक गंमत ऐक, म्हणजे तुझा दादा किती हुशार आहे ते कळेल. गेल्या रविवारी दुकानात गिऱ्हाइकांसाठी जुना आणि नवा कन्सोल शेजारी शेजारी लावले. जोडणी मीच केली. दहाबारा माणसं गोळा झाली. मी मधोमध उभा राहून भाषण ठोकलं. डावीकडच्या टीव्हीकडे हात करून म्हटलं, हा नवा. बघा, केसांची बट न् बट सुटी आहे, कातडीवरची छिद्रंसुद्धा मोजून घ्या. माणसं माना डोलवत होती. "वा", "काय ते केस", "जुन्यात हे नव्हतंच". एकाने तर उजवीकडच्या टीव्हीला नाक मुरडलं.

तेवढ्यात दातांचे डॉक्टर आले. थोडा वेळ बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "अहो, डावीकडच्या टीव्हीला जोडलाय तो माझा जुना कन्सोल नाही का? झाकणावर माझ्या चहाचा डाग आहे."

केबली उलट्या जोडल्या होत्या मी! अर्धा तास जुन्याची आरती ओवाळत होतो. दुकान हसून हसून लोळलं. मीही हसलो. आणि मग म्हटलं, बघा मंडळी, हेच मी सांगतोय. तुम्हाला कळलं नाही, मला कळलं नाही, मग फरक आहे कुठे? सगळ्यांना पटलं. माझी चूक माझाच पुरावा झाली. वकील व्हायला हवं होतं मी.

तुझी वहिनी तेवढी हसली नाही. ती गल्ल्यापाशी उभी राहून माझ्याकडे बघत होती.

तिचं म्हणणं आहे की मी तुला एक गोष्ट लिहायला हवी. मी म्हटलं, लिहीन. ती म्हणाली, आजच्या पत्रात लिही. मी म्हटलं, आजच्या पत्रात गंमत लिहिणार आहे, दोन्ही एकत्र कसं लिहू? तर ते राहू दे. तसं काही नाही, उगाच. वयाप्रमाणे चालायचंच.

आई तुझी आठवण काढते. परवा ती दारात उभी होती, मी शेजारच्या मावशी समजून "या, बसा" म्हटलं, तर ती म्हणाली, "अरे, मीच आहे, बसा काय?" दिवसभर तिने ते सगळ्यांना सांगितलं. माझा मुलगा मला पाहुणी समजतो म्हणे. आम्ही पोट धरून हसलो.

मोठं पत्र लिही. शिव्यांचं असलं तरी चालेल.

तुझा,
दादा

&nbsp;

२६ जुलै

ठकू,

आज आशीर्वाद वगैरे मागाहून.

काल तू वहिनीला फोन केलास. ती स्वयंपाकघरात बोलत होती, मी बाहेर होतो, पण तिचा चेहरा बदलल्याचं मला तिच्या आवाजावरून कळलं. फोन ठेवून ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "ती उजेडाचं काम सोडतेय. खेळ सुरू होण्याआधी जी यादी येते ना, आवाज कमी-जास्त करायची वगैरे, त्या विभागात बदली मागितलीय तिने. म्हणाली, दादाला दिसत नाही तर बाकीच्यांना काय दिसणार? तीन वर्षं मी भिंती रंगवत बसले."

आणि मग वहिनी म्हणाली, "आता तुम्ही लिहिता की मी लिहू?"

मी लिहितो.

मला दिसत नाही, ठकू. म्हणजे तुझ्या खेळातला फरक दिसत नाही असं नाही. मला दिसत नाहीये. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय, दोन्ही डोळ्यांचा. चष्म्याने होण्यासारखं नाही. औषधाने वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. कडेकडेचं दिसत राहील, असं डोळ्यांच्या डॉक्टर बाई म्हणतात, आणि त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या वाटल्या नाहीत. पुरता आंधळा होणार नाही, ते आधी सांगून ठेवतो, नाहीतर तू इथवर वाचून बॅग भरायला उठशील.

कसं असतं सांगू? अंधार नसतो, काळा डाग नसतो. जिथे बघायला जावं तिथलंच तेवढं पुसून गेलेलं असतं. दार दिसतं, दाराची चौकट दिसते, चौकटीत उभ्या असलेल्या माणसाची साडी दिसते, पण चेहऱ्यावर नजर नेली की चेहरा जातो. शेजारच्या मावशींची गोष्ट लिहिली होती ना, ती गंमत नव्हती. मी आईला ओळखलं नव्हतं.

सुरुवात सोल्डरिंगपासून झाली. पिना एकीत एक मिसळायला लागल्या. मी दिव्याला दोष दिला, भिंगाला दोष दिला, हल्ली पिनाच बारीक करतात म्हणून कारखान्याला शिव्या दिल्या. त्याच सुमारास लोक म्हणायला लागले की नव्या आणि जुन्या ग्राफिक्समध्ये काही फरक राहिला नाही. मासिकवाले म्हणत होते, गिऱ्हाइकं म्हणत होती. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, चला, माझ्या एकट्याचं नाही, सगळ्या दुनियेचंच असं आहे. त्या मताला मी असा चिकटलो की विचारू नकोस. दुकानात येईल त्याला पकडून तेच पटवायचो.

आणि मग तुझा नमुना आला.

तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. पण तू पहिल्यापासून चित्र काढलंस की धावत माझ्याकडे यायचीस, आणि मी चूक काढली की रडत रडत ती दुरुस्त करायचीस. दादाची नजर, दादाची नजर, असं तू तुझ्या साहेबांनासुद्धा सांगितलंस. तीच गेली म्हटल्यावर मी तुझा कोण उरतो, ते मला कळेना. भीती वाटली, बस्स. मग मी माझ्या डोळ्यांऐवजी तुझ्या कामाला कमी गुण दिले. ते सोपं होतं. त्याची लाज वाटते आणि तुझी मनापासून माफी मागतो.

पण नुसती माफी मागायला लिहीत नाहीये. आज दुपारी जे झालं ते तुला सांगायचंय. नीट वाच.

वहिनी म्हणाली, तो नमुना पुन्हा लावू, काय आहे तो एकदा मलाही बघू दे. तिने आयुष्यात कधी कंट्रोलर हातात धरलेला नाही. दिवसभर तेच दुरुस्त करते, पण खेळायचं म्हटलं की म्हणते, मला वेळ नाही. तर ती बसली खेळायला. आईही येऊन बसली. मी शेजारी, मान पुढे काढून, डोळे ताणून त्या माणसाच्या चेहऱ्यावर नजर रोखलेला. आणि चेहऱ्याच्या जागी अर्थातच काही नाही.

वहिनीने तो माणूस भिंतीवर आपटला. मग कपाटावर. मग एका कोपऱ्यात तोंड करून त्याला असा उभा केला, जसा काही शिक्षा झालीय. मी म्हणतोय उजवीकडे वळ, ती म्हणतेय वळतेच आहे. शेवटी मला राहवेना. तिला दोन शब्द सुनवावेत म्हणून मी टीव्हीकडे पाठ फिरवायला लागलो, तिच्याकडे मान वळवली.

आणि ठकू, डोळ्याच्या कडेला उजेड सरकला.

आधी वाटलं, आपल्याच खोलीचं दार कुणी उघडलं. तसाच. जमिनीवर एक पट्टा पडला आणि तेवढ्यावर थांबला नाही. त्याच्याबरोबर समोरची भिंत उजळली, मग हळूहळू छत, आणि छताला किंचित लाली आली. मी वहिनीला विचारलं, "तू दार उघडलंस का?"

ती म्हणाली, "हो, कुठलं तरी बटण दाबलं गेलं. पण तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर माझ्याकडे बघताय."

"आणि जमिनीवर लाल काही आहे का?"

"सतरंजी आहे लाल. अहो, कसं कळतंय तुम्हाला?"

मी मान हलवली नाही. वहिनीच्या मागच्या खिडकीवर नजर ठेवली आणि म्हटलं, चालत राहा. ती आपटत, अडखळत त्या घरात फिरली आणि मी कडेने बघत राहिलो. जिन्याखाली उजेड कसा दमतो ते बघितलं. पडदा ओढल्यावर खोली एकदम काळी न होता पडद्याच्या रंगाची झाली, ते बघितलं. खेळातल्या खिडकीबाहेर ऊन उतरत गेलं तशी त्या घरातली प्रत्येक वस्तू थोडी थोडी बदलत गेली. तेवढ्यात आई म्हणाली, "संध्याकाळ झाली वाटतं, दिवा लावा कुणीतरी." आमच्याकडे भर दुपार होती, ठकू. आई खुर्चीवरून उठून खरंच बटणापाशी गेली.

मग मी जुन्या कन्सोलवर तेच घर लावायला सांगितलं. केबली या खेपेला वहिनीने जोडल्या. तेच दार उघडलं. जमिनीवर पट्टा आला, नाही असं नाही, पण कागद चिकटवल्यासारखा. भिंतीला पत्ता नाही, छताला पत्ता नाही. आईही ढिम्म बसून राहिली.

मी मूर्खासारखा चेहऱ्यात फरक शोधत होतो. आपण पहिल्यापासून तिथेच शोधत आलो ना, बोटं, पापण्या, धागे. तू केलेला फरक तिथे नाहीच. जिथे कुणी टक लावून बघत नाही तिथे तू तीन वर्षं राबलीस. आणि माझ्या डोळ्यांतली तेवढीच जागा आता शिल्लक आहे. डॉक्टर बाईंनी कडेचं शाबूत राहील म्हटलं तेव्हा मला वाटलं होतं, कडेला असतं काय बघण्यासारखं?

माझं मत बदललं असं समजू नकोस. त्रिकोणांच्या बाबतीत मी अजूनही तुझं काडीचं ऐकणार नाही. चेहऱ्यातला फरक आटलाय, आणि पुढच्या पिढीला अजून आटेल. आणि तुझ्या घरात एक चूकही आहे. जिन्याच्या वळणावर उजेड येतो, पण तिथे खिडकी कुठेच नाही. वहिनीने दोनदा वरखाली जाऊन खात्री केली. तेवढं बघून घे.

पण उजेडाचं काम सोडू नकोस. बदलीचा अर्ज आजच्या आज मागे घे. दादाला दिसत नाही म्हणून सोडत होतीस ना? दादाला दिसलं.

नोकरी मला नको, तिथे खरी नजर लागते, ती कुणातरी तरुणाला मिळू दे. पण तुझी हरकत नसेल तर पुढच्या महिन्यात चार दिवस तुझ्याकडे येतो. तू काम कर, मी शेजारी बसेन, जमलं तर चुका काढेन. वहिनी सोबत येते म्हणाली, मी नको म्हटलं. एकट्याने प्रवास करायची सवय आत्ताच ठेवायला हवी. पाट्या वाचता येत नाहीत, पण विचारायला तोंड आहे, आणि ते कसं चालतं ते तुला माहीत आहे.

एवढंच कर, स्टेशनवर आलीस की लांबून हात हलवत उभी राहू नकोस. मी तुला ओळखणार नाही. जवळ ये आणि हाक मार. मग मी तुझ्याकडे वळेन, आणि तुला वाटेल की याचं लक्ष दुसरीकडेच आहे. हा माझ्या कानाकडे बघतोय, खांद्यामागे बघतोय. त्याने रडू नकोस, आणि मान वळवून मी काय बघतोय ते शोधू नकोस. जराशी तशीच उभी राहा.

मी तुलाच बघत असेन.

दादा